पहाटे पाचची पाळी : ‘ईआर’ या मालिकेचे पहिले पर्व

शिकागोतील एका सार्वजनिक रुग्णालयात, दिवे मालवलेल्या तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर अंगावरच्या कपड्यांनिशी झोपलेला आहे. पहाटेचे पाच वाजले आहेत. परिचारिका दार उघडून पेशंट आल्याचे सांगते. तो डोळे न उघडताच विचारतो, की इंटर्नला नाही का पाहता येणार? ती सांगते, की आलेले पेशंट डॉक्टर रॉस आहेत. एवढे ऐकताच तो उठतो, बाहेर जातो, मद्याच्या धुंदीत नीट उभेही राहू न शकणाऱ्या आपल्या मित्राला खांद्याचा आधार देऊन आत आणतो, त्याच्या हाताला सलाईन लावतो आणि त्याला झोपवून स्वतः पुन्हा आडवा होतो. त्याला धक्का बसत नाही, तो रागावत नाही, उपदेशही करत नाही. त्या सहज हालचालींवरूनच आपल्याला कळते, की हे याआधीही घडलेले आहे, या दोघांची मैत्री जुनी आहे, आणि उठलेल्याला झोप मिळणार नाही.

‘ईआर’ (इमर्जन्सी रूम, म्हणजे रुग्णालयातला आणीबाणीचा विभाग) या अमेरिकी मालिकेची सुरुवात ही अशी आहे. १९ सप्टेंबर १९९४ रोजी एनबीसी वाहिनीवर तिचा दोन तासांचा पहिला भाग दाखवला गेला आणि २ एप्रिल २००९ रोजी, पंधरा पर्वे आणि ३३१ भाग झाल्यावर, ती संपली. पंधराही पर्वांचा हिशेब मांडण्याचा माझा इरादा नाही. मला लिहायचे आहे ते पहिल्या पर्वाबद्दल, त्यातही पहिल्या एकोणीस भागांबद्दल, कारण रुग्णालयावरच्या मालिका मी पुष्कळ पाहिल्या असल्या तरी माणसाचे काम आणि त्या कामातला वेळ यांची इतकी नेमकी जाण मला दुसरीकडे आढळलेली नाही. हे भाग मी प्रथम पाहिले ते अमेरिकेहून भावाने आणलेल्या डीव्हीडींवर. यंदा पावसाळ्यात ते पुन्हा पाहिले, या वेळी आईबरोबर. आईने एकतीस वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले असून त्यांतली जवळजवळ बारा वर्षे कॅज्युअल्टीत गेली. तिच्याशेजारी बसून पाहिल्यामुळे माझ्या नजरेतून पहिल्या वेळी सुटलेल्या कितीतरी गोष्टी मला दिसल्या, आणि हे परीक्षण लिहावेसे वाटले तेही त्यामुळेच.

मालिकेचा जनक मायकेल क्रायटन कथा-कादंबऱ्यांसाठी जगभर ओळखला जातो. पण तो हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकलेला होता आणि १९६९ मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडला होता. विद्यार्थी असताना रुग्णालयात जे पाहिले त्यावरून त्याने १९७४ मध्ये चित्रपटाची एक पटकथा लिहिली. ती वीस वर्षे पडून राहिली. मधल्या काळात स्टीव्हन स्पीलबर्गला ती आवडली होती; त्याच पटकथेविषयी बोलताना क्रायटनने त्याला डायनासोरांच्या नव्या कादंबरीबद्दल सांगितले आणि दोघेही तिकडे वळले. अखेर १९९४ मध्ये स्पीलबर्गच्या संस्थेने तिचा मालिकेचा पहिला भाग केला, तेव्हा मूळ लेखनात फार थोडे बदल झाले : लांबी थोडी कमी केली, डॉक्टर लुइस हे पुरुष पात्र स्त्री झाले आणि डॉक्टर बेंटन कृष्णवर्णीय झाला. नेपथ्य उभारायला वेळ नसल्यामुळे हा भाग लॉस एंजेलिसमधल्या बंद पडलेल्या लिंडा व्हिस्टा रुग्णालयात चित्रित झाला. पडद्यावरच्या त्या भिंतींचा उडालेला रंग आणि कळकट फरशी कोणी मुद्दाम तयार केलेली नाही, हे कळल्यावर त्या भागाचा कोंदट, खराखुरा वास कोठून येतो ते समजते.

पटकथा वीस वर्षे का पडून राहिली असेल, हे पहिला भाग पाहताना सहज लक्षात येते. तिला एक अशी कथा नाही. पहाटे पाचपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंतचे चोवीस तास आहेत, आणि त्या तासांत दाराने जे जे आत येते ते ते आहे. एक इमारत कोसळते आणि जखमींची रांग लागते. कोणाच्या बोटातून अंगठी निघत नाही. कोणाच्या पोटात रक्तवाहिनी फुटलेली आहे. यांतले काही प्रसंग अर्ध्या मिनिटाचे आहेत, काही पाच मिनिटांचे, आणि कोणता प्रसंग किती चालेल याचा अंदाज प्रेक्षकाला बांधता येत नाही. ज्याची ओळख नुकती कुठे होत आहे तो पेशंट लिफ्टमधून वरच्या मजल्यावर जातो आणि त्याचे पुढे काय झाले ते आपल्याला कधीच कळत नाही. आई हे पाहताना म्हणाली, “कॅज्युअल्टीत असंच असतं बाई. वॉर्डातल्या सिस्टरला पेशंटचा शेवट माहीत असतो, आम्हाला फक्त सुरुवात.” मालिकेच्या रचनेबद्दल याहून अचूक बोलणे मला तरी साधले नसते.

मालिका वेळ कसा वापरते, हे जरा सविस्तर पाहण्याजोगे आहे. रुग्णालयाच्या मालिकेत एरवी तीन आजार असतात, तीन निदाने होतात, मध्यंतरापर्यंत संशय वाढतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत उलगडा होतो. म्हणजे आजार हे कोडे असते आणि डॉक्टर ते सोडवतो. ‘ईआर’च्या सुरुवातीच्या भागांत कोडी जवळजवळ नाहीतच. येथे पेशंटला काय झाले आहे ते बहुतेक वेळा दोन मिनिटांत कळते. प्रश्न उरतो तो हातात असलेल्या माणसांनिशी, जागेनिशी आणि मिनिटांनिशी काय करता येईल एवढाच. त्यामुळे गती हा या मालिकेचा निव्वळ शैलीविशेष राहत नाही, तोच तिचा विषय आहे. छायाचित्रकाराच्या अंगाला बांधलेला, धक्के न बसता चालू शकणारा स्टेडीकॅम येथे सतत वापरला जातो. स्ट्रेचर दारातून आत येते, कॅमेरा त्याच्याबरोबर मागे सरकत राहतो, रुग्णवाहिकेतून आलेली माणसे वय, नाडी, रक्तदाब सांगत असतात, ट्रॉमाच्या, म्हणजे गंभीर जखमींच्या, खोलीत स्ट्रेचरभोवती कॅमेरा गोल फिरतो आणि मधेच एका परिचारिकेच्या पाठोपाठ बाहेर पडून वेगळ्याच पेशंटपाशी जाऊन थांबतो. एवढा वेळ दृश्याचा तुकडा पाडलेला नसतो, त्यामुळे आपल्यालाही श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

आणि या सगळ्यात कोणी काही समजावून सांगत नाही. तपासण्यांची नावे, औषधांची मात्रा, विजेच्या झटक्याची तीव्रता, सगळे भराभर कानावरून जाते. मराठी मालिकांत डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यातले संवाद ऐकून वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्या वेळी हे अवघड गेले. एकेक शब्द थांबवून शोधावासा वाटे. तिसऱ्या भागापर्यंत मी तो नाद सोडला. शब्दाचा अर्थ कळत नसला तरी तो शब्द उच्चारणाऱ्याचा आवाज चढला की उतरला, नर्सने हातात वस्तू देण्यापूर्वी डॉक्टरकडे पाहिले की नाही, शांतता अचानक का पसरली, हे सगळे स्वच्छ कळते. प्रेक्षकाच्या बुद्धीवर टाकलेला हा विश्वास मला या मालिकेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. तो लेखकांना परवडला, कारण लिहिणाऱ्यांतच आणीबाणीच्या विभागात प्रत्यक्ष काम केलेली माणसे होती. लान्स जेंटाइल हा तशा विभागातला डॉक्टर होता, आणि नील बेअर तर लेखनाच्या चमूत आला तेव्हा अजून वैद्यकीचे शिक्षण घेत होता.

पात्रांची मांडणीही कामाच्या उतरंडीवरच केलेली आहे. अँथनी एडवर्ड्सने केलेला मार्क ग्रीन हा चीफ रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टरांतला सर्वांत वरचा. शेरी स्ट्रिंगफिल्डची सुसान लुइस त्याच्या हाताखालची. जॉर्ज क्लूनीचा डग रॉस लहान मुलांचा डॉक्टर. एरिक ला सालचा पीटर बेंटन शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणारा. नोआ वायलीचा जॉन कार्टर तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. आणि जुलियाना मार्गुलीसची कॅरल हॅथवे ही परिचारिकांची प्रमुख. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला ही उतरंड परकी वाटणार नाही. कोण कोणाला झोपेतून उठवू शकतो, कोण कोणाच्या चुकीवर पांघरूण घालतो आणि कोण मुद्दाम घालत नाही, यातूनच माणसे उभी राहतात.

कार्टरचा पहिला दिवस याचा उत्तम नमुना आहे. इस्त्रीचा पांढरा कोट घालून, आतापर्यंत त्वचारोग आणि मानसोपचार एवढेच पाहून आलेला हा मुलगा बेंटनच्या मागे धावत विभाग पाहतो. बेंटन चालता चालता बोलतो, थांबत नाही, वळून पाहत नाही. कॅमेरा दोघांच्या पुढे चालतो, आणि कार्टरबरोबर आपल्यालाही त्या जागेचा नकाशा अर्धवटच कळतो. पुढे एका भयंकर जखमी पेशंटला पाहून कार्टरला मळमळते आणि तो बाहेर जाऊन बसतो. तेथे ग्रीन त्याच्याशेजारी येऊन जे बोलतो त्याचा आशय एवढाच, की काही डॉक्टर आपल्या भावना बाजूला टाकून काम करतात, काही त्या जपून ठेवतात, आणि ज्याला त्या जपायच्या असतील त्याला अधूनमधून असा त्रास होणारच. हे बोलणे मिनिटभराचे आहे. मागे संगीत नाही, खांद्यावर हात नाही. लगेच दोघांना आत बोलावणे येते.

त्याच भागात डॉक्टर लुइसकडे खोकल्यातून रक्त पडणारा एक गृहस्थ येतो. मिगेल फेररने तो साकारला आहे. एक्स-रेवर फुप्फुसात डाग दिसतो. ती आधी आणखी तपासण्यांच्या आडोशाला उभी राहते, आणि तो शांतपणे, अगदी सभ्यपणे, तो आडोसा एकेक प्रश्नाने दूर करत जातो. शेवटी तिला उत्तर द्यावे लागते. इतक्या धावपळीच्या भागात दिग्दर्शक रॉड होलकॉम या दोघांसाठी कॅमेरा थांबवतो, आणि मग कळते, की गतीचा हा सगळा खटाटोप अशा थांबण्यासाठीच आहे. तो गृहस्थ पुन्हा कधी दिसत नाही. तीस वर्षांनंतरही ज्यांना हा भाग आठवतो त्यांतल्या अनेकांना तो चेहरा आठवत असेल, असे मला खात्रीने वाटते.

आईचे लक्ष मात्र पहिल्यापासून कॅरल हॅथवे आणि तिच्याबरोबरच्या परिचारिकांवर होते. हाले, लिडिया, मलिक, कोनी ही मंडळी पडद्याच्या कडेला सतत असतात, त्यांच्या वाट्याला फार संवाद येत नाहीत. पण आईने पहिल्याच तासात मला दाखवून दिले, की डॉक्टरने मागण्यापूर्वी नळी हातात तयार असते, आणि नवशिका डॉक्टर भलतीच मात्रा सांगतो तेव्हा सिस्टर ती मात्रा प्रश्नाच्या सुरात परत उच्चारून त्याला सुधारण्याची संधी देते. “आम्ही अगदी असंच करायचो,” ती म्हणाली. “ ‘डॉक्टर, दोन म्हणालात ना?’ असं विचारायचं. नातेवाइकांसमोर त्याचा मान राहतो आणि पेशंटही राहतो.” डॉक्टरांवरच्या मालिका पुष्कळ आहेत, रुग्णालय परिचारिकांच्या आधाराने चालते हे न बोलता दाखवणारी मालिका विरळा.

हॅथवेच्या पात्राला तर पहिल्याच भागात मरण लिहिलेले होते. दिवसभर हसतमुखाने काम करून घरी गेलेली ही परिचारिका रात्री गोळ्यांचा अतिरेकी डोस घेतलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवरून आपल्याच विभागात परत येते. सहकारी तिला ओळखतात आणि क्षणभर थिजतात. मग ग्रीन सगळ्यांना कामाला लावतो. चाचणीसाठी जमवलेल्या प्रेक्षकांना तिच्याविषयी इतके वाटले, की निर्मात्यांनी तिला जिवंत ठेवले. पुढच्या भागांत ती कामावर परतते, आणि तिने गोळ्या का घेतल्या याचे एकच एक उत्तर मालिका देत नाही. मला हा संयम फार मोलाचा वाटला. मार्गुलीसला या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला, आणि तो तिने मुख्यतः मौनावर मिळवला असे मी म्हणेन.

शिकागोचे हे ‘काउंटी जनरल’ काल्पनिक असले तरी त्यामागे खरे कुक काउंटी रुग्णालय आहे. अमेरिकेतील पहिली रुग्णालयीन रक्तपेढी १९३७ मध्ये तेथेच सुरू झाली, आणि ज्याच्याकडे विमा नाही, पैसे नाहीत, घरही नाही, असा शिकागोतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जात आला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आणीबाणीच्या विभागात आलेल्या कोणालाही पैशाअभावी तपासणीविना परत पाठवता येत नाही. त्यामुळे समाजातल्या ज्या ज्या प्रश्नांना दुसरे दार उघडत नाही ते सगळे या दाराने आत येतात. मालिकेला हे पक्के ठाऊक आहे. पहिल्याच भागात ग्रीनला एका खासगी दवाखान्यात भरपूर पगाराची, ठरावीक वेळेची नोकरी देऊ केली जाते. तो सूट घालून तेथे जातो. तेथे सारे काही मऊ, स्वच्छ आणि शांत आहे. पत्नीला ती नोकरी हवी आहे आणि तिचे काही चुकते असे मालिका म्हणत नाही. तरीही तो परत येतो. हे नाकारणे त्याच्या संसाराला किती महागात पडते ते पुढचे भाग हळूहळू दाखवतात, आणि त्याच्या निवडीला त्यागाची झळाळी देत नाहीत. (कुक काउंटीची ती जुनी भव्य इमारत २००२ मध्ये रुग्णालय म्हणून बंद झाली. आता तेथे हॉटेल आहे.)

आपल्याकडच्या वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रीन आणि लुइस ज्या शाखेचे शिक्षण घेत आहेत ती आणीबाणी वैद्यक ही शाखा अमेरिकेत १९७९ मध्ये स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्य झाली. भारतात तिच्या एमडी पदवीला मान्यता मिळाली २००९ मध्ये, म्हणजे ही मालिका संपली त्या वर्षी. आईच्या काळात कॅज्युअल्टीत बसणारा डॉक्टर म्हणजे बहुधा पाळीपुरता तेथे आलेला कोणीतरी. त्या जागेला स्वतःचे असे डॉक्टर नव्हते. “हे लोक इथलेच आहेत,” ती दोनतीनदा म्हणाली, आणि तिच्या आवाजातले कौतुक मला ऐकू आले.

दहाव्या, हिमवादळाच्या भागाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाहेर बर्फ, आत पेशंट नाहीत. कंटाळलेले कर्मचारी झोपलेल्या कार्टरच्या पायाला प्लास्टर घालतात, कॉरिडॉरमध्ये चाकांचे बूट घालून फिरतात. मग महामार्गावर तीसहून अधिक गाड्या एकमेकांवर आदळल्याची बातमी येते, आणि काही मिनिटांत तोच कॉरिडॉर माणसांनी भरून जातो. हॅथवे दारातच उभी राहून जखमींची प्रतवारी करते. या गोंधळात बॉब नावाची, पोलंडहून आलेली, कारकुनी काम करणारी एक स्त्री एका मरणासन्न पेशंटपाशी एकटी सापडते, आणि तिचे हात असे काही करतात की पाहणाऱ्याला कळते : आपल्या देशात ती शल्यचिकित्सक होती. ती पेशंट वाचवते आणि आपण कायदा मोडला या भीतीने पळून जाते. परक्या देशात पदवीचा कागद निरुपयोगी ठरलेली कितीतरी माणसे मला या प्रसंगात दिसली. आमच्या नात्यातही एक आहे.

आता उणिवा. पहिली गंभीर आहे. या मालिकेत हृदय बंद पडलेली माणसे फार सहज परत येतात. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात तीन डॉक्टरांनी ‘ईआर’सह तीन अमेरिकी मालिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना छाती दाबून पुनरुज्जीवनाचे साठ प्रसंग आढळले, आणि त्यांत तीन चतुर्थांश पेशंट त्या वेळेपुरते तरी वाचलेले दिसले. प्रत्यक्षात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते. ज्या मालिकेने बाकी सगळीकडे इतकी प्रामाणिक काळजी घेतली तिने येथे केलेली ही सवलत मला खटकते, कारण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या आशेचे माप अशा दृश्यांवरूनच ठरते.

दुसरी उणीव डग रॉसच्या प्रेमप्रकरणांची. क्लूनी देखणा आहे आणि लहान मुलांशी बोलताना त्याचा आवाज खरोखर बदलतो. पहिल्या भागात मुलाला मारहाण झाल्याचा संशय आल्यावर त्याचा जो संताप होतो तो विसरता येत नाही. पण त्याच्या येण्याजाण्यातल्या स्त्रिया पात्रे म्हणून लिहिलेल्याच नाहीत. बेघर आणि मनोरुग्ण पेशंटांचा उपयोगही कधी कधी केवळ प्रसंग हलका करण्यासाठी होतो, आणि त्या जागा आज पाहताना अस्वस्थ करतात.

उलट बेंटनच्या घरचे धागे फार जपून विणलेले आहेत. रुग्णालयात कोणापुढे न वाकणारा हा शल्यचिकित्सक म्हाताऱ्या होत चाललेल्या आईची जबाबदारी बहिणीवर टाकून पाळीमागून पाळी घेत राहतो, आणि आईला घरी ठेवायचे की वृद्धांच्या शुश्रूषागृहात, हा प्रश्न भागामागून भाग पुढे सरकतो. एकही भाग त्याला सोडवल्याचे समाधान देत नाही. आमच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत हे भाग पाहताना आम्ही दोघी फारशा बोललो नाही.

‘ईआर’ सुरू झाली त्याच सुमारास, म्हणजे १८ सप्टेंबर १९९४ रोजी, शिकागोतल्याच रुग्णालयाची ‘शिकागो होप’ ही दुसरी मालिकाही सीबीएसवर सुरू झाली होती आणि दोघी गुरुवारी रात्री एकाच वेळी समोरासमोर उभ्या राहिल्या. ती नामवंत शल्यचिकित्सकांची, वादांची, मोठमोठ्या नैतिक प्रश्नांची मालिका. उत्तम अभिनयाची आणि मुळीच टाकाऊ नव्हे. पण तिच्यात माणसे आपल्याला काय वाटते ते नीट बोलून दाखवतात. ‘ईआर’मध्ये त्यांना तेवढी सवड मिळत नाही, आणि न बोललेले बरेच काही त्यांच्या हातांत आणि डोळ्यांत साठत जाते. प्रेक्षकांनी कौल ‘ईआर’ला दिला, पहिल्याच वर्षी ती अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत दुसऱ्या स्थानी होती.

पाचव्या भागात ग्रीनसमोर एक पेशंट येतो, ज्याचे हृदय इतके थकलेले आहे की नवे हृदय मिळाले तरच तो जगेल, आणि तेही त्याच दिवशी. दिवसभर फोन होत राहतात. पेशंट शुद्धीवर आहे, त्याला सारे कळते आहे. इतर पेशंट येत-जात असताना ग्रीन पुन्हा पुन्हा त्या खोलीकडे वळतो, आणि हृदय काही मिळत नाही. या भागात मालिका प्रथमच एका पेशंटपाशी रेंगाळते. पूर्ण थांबण्याचे धैर्य तिला अजून झालेले नाही. ते ती एकोणिसाव्या भागात करते.

‘लव्हज लेबर लॉस्ट’ हा तो भाग, ९ मार्च १९९५ रोजी प्रथम दाखवलेला, लान्स जेंटाइलने लिहिलेला आणि मिमी लेडरने दिग्दर्शित केलेला. दोघांनाही त्यासाठी एमी मिळाला. लघवीचा त्रास घेऊन एक गरोदर स्त्री नवऱ्याबरोबर येते. दोघे प्रसन्न आहेत, थट्टामस्करी करत आहेत. ग्रीन संसर्गाचे औषध देऊन त्यांना घरी पाठवतो. काही मिनिटांतच नवरा धावत परत येतो. गाडीत तिला झटके आले आहेत. येथे माझ्याशेजारी आई एकदम पुढे सरकून बसली आणि पडद्याकडे पाहत म्हणाली, “मॅगसल्फ! मॅगसल्फ द्या तिला.” दोनतीन सेकंदांनी पडद्यावरच्या डॉक्टरनेही तेच, झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट, मागितले. ती निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली आहेत.

त्यानंतर जे होते त्यात कोडे नाही, खलनायक नाही. प्रसूतिशास्त्राची वरिष्ठ डॉक्टर यायला उशीर लागतो. ग्रीन चांगला डॉक्टर आहे, आत्मविश्वासाने एकेक निर्णय घेतो, आणि प्रत्येक निर्णय त्या त्या क्षणी समजण्याजोगा आहे. पण ते सगळे मिळून त्याला अशा जागी आणतात जेथून मागे जाता येत नाही. बाळाचा खांदा अडकतो. शेवटी त्याला त्याच खोलीत पोट उघडून बाळ काढावे लागते. बाळ वाचते. आईचा रक्तस्राव थांबत नाही. अठरा भाग आपण दर दोन मिनिटांनी दुसऱ्या खोलीत जायला शिकलो आहोत. येथे पावले आपोआप दाराकडे वळतात, आणि दार उघडत नाही. इतर पेशंट एकामागोमाग कथेतून गळून पडतात आणि तासाभरात फक्त ही एक खोली उरते. पहिल्या पर्वाची सारी गती या एका भागासाठी साठवलेली होती, असे दुसऱ्यांदा पाहताना मला वाटले.

म्हणून ज्यांना ही मालिका पाहायची असेल त्यांना माझे सांगणे, की मूळ क्रम सोडू नये. कोणी सर्वांत गाजलेला भाग म्हणून एकोणिसावा थेट लावून दिला तर तो चांगलाच वाटेल, पण त्याचे वजन अंगावर येणार नाही. पहिला भाग दोन तासांचा आहे. तो एका बैठकीत पाहावा. नंतर रोज एक पुरे. इंग्रजी उच्चार भराभर असल्यामुळे खाली अक्षरे लावावीत, आणि वैद्यकीय शब्दांसाठी न थांबता पाहत राहावे. घरात कोणी गरोदर असेल तर एकोणिसावा भाग त्या काळात टाळावा. हे मी मनापासून सांगते. आणि तो पाहिल्यावर त्याच रात्री विसावा लावू नये.

त्या भागाच्या शेवटी ग्रीन काचेपलीकडच्या खोलीत जातो. नवरा नवजात बाळाला मांडीवर घेऊन झुलत्या खुर्चीत बसला आहे. आपण काचेच्या अलीकडेच राहतो. काय सांगितले गेले ते ऐकू येत नाही, फक्त खुर्ची थांबलेली दिसते. पुढे ग्रीन एकटाच आगगाडीने घरी निघतो आणि डब्यात रडतो. श्रेयनामावली सुरू झाली तरी आई काही बोलली नाही. मी दिवा लावला. ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि दारात उभी राहून तिने विचारले, “त्या बाळाला घरी नेताना बरोबर कोणी बाई होती का गं?”